चौथी शिट्टी

आमच्याकडे वरण कच्चं राहतं. रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. डाळ तुरीची, नेहमीच्या वाण्याकडची. कुकरचं गास्केट नवं. गॅस पाइपचा, त्यामुळे मध्येच संपायची सोय नाही. तरीही ताटात वाढलेल्या वरणाच्या तळाशी डाळ खडीसारखी बसलेली असते आणि वर पिवळं पाणी.

"किती मोजल्यात?" बायको विचारते.

"तीन."

"नक्की तीन?"

मी एकतीस वर्षं हिशेब तपासणीच्या नोकरीत काढली. दुसऱ्यांनी घातलेल्या बेरजा चुकीच्या आहेत हे सांगण्याचाच पगार घेतला. बायको आंघोळीला जाताना "तीन झाल्या की बंद करा हो" एवढं एकच काम सोपवून जाते आणि निवृत्त माणसाला तेवढंही झेपत नाही, असा तिच्या नजरेचा अर्थ असतो. मी पुन्हा ठामपणे "तीनच" म्हणतो. तेवढ्यात हॉलमधल्या पडद्याच्या दांडीवरून, एक पाय पोटात घेऊन, पिसं फुगवून, चोच करकर घासत बसलेले गृहस्थ आधी एक बारीक फुसफुस करतात आणि मग सावकाश, पूर्ण दाबाची, चौथी शिट्टी देतात.

हे गृहस्थ आमच्याकडे चार दिवसांसाठी आले होते. लेक पुण्याला शिकते. खोलीच्या मालकांनी "पक्षी चालणार नाही" असं सांगितल्यावर ती एका शनिवारी डोंबिवलीला आली, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात ओढणीने झाकलेला पिंजरा. "बाबा, चारच दिवस. तू काही टेन्शन घेऊ नकोस. मी दुसरी रूम बघतेय." ती रूम अजून बघतेय.

ओढणी काढली तर आत राखाडी अंगाचा, पिवळ्या तोंडाचा, गालांवर शेंदरी टिकल्या लावलेला आणि डोक्यावर शेंडी उभारलेला एक प्राणी. आईने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "हा पोपट नव्हे. पोपट हिरवा असतो." लेकीने समजावलं की हा कॉकटील, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुव्याच्या कुळातला सगळ्यात लहान. आईच्या कानात फक्त पहिला शब्द गेला, तोही अर्धा. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मेव्हण्याला फोनवर सांगितलं, "अरे, पोरीने घरात कॉकटेल आणून ठेवलंय." मेव्हणा त्याच संध्याकाळी आला. पिंजरा पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्यालाच मराठीत पोपट होणं म्हणतात.

मला काळजी वेगळीच होती. आपला हिरवा, गळ्यात लाल-काळी कंठी असलेला पोपट पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं आणि ज्यांना ठाऊक असतं तेही "आमचा मिठू तर घरातलाच आहे" म्हणतात. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला दुसऱ्या अनुसूचीत नेऊन बसवलंय. सरकारी नोकरीतून डाग न लागता सुटलेल्या माणसाने म्हातारपणी पोपटापायी वनखात्याची नोटीस घ्यायची? पुढे परदेशी प्राण्या-पक्ष्यांच्या नोंदणीचे नियम आले तेव्हा मी ती अख्खी लांबलचक यादी चष्मा लावून वाचली. मकाव आहे, आफ्रिकेचा राखाडी पोपट आहे. कॉकटील नाही. हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. निदान कायद्याने तरी त्याला नेलं असतं.

आजोळी मात्र हिरवा राघू होता. तेव्हा कायदा कोकणात पोचला नसावा. आजीने त्याला तीन वर्षं "राम राम" शिकवलं. तो शिकला "अगं ए!" आजोबांच्या आवाजात, तस्संच शेवटी ताणलेलं. दिवसातून पंधरा वेळा आजी पदराला हात पुसत ओटीवर यायची आणि राघू तिच्याकडे मान वाकडी करून बघायचा. शेवटी आजीने "अगं ए"ला ओ देणंच सोडलं. आता खरे आजोबा पाण्यासाठी ओरडले तरी आतून उत्तर येईना. वर्षभरात आजोबा स्वतः उठून माठातलं पाणी घ्यायला लागले. आमच्या घराण्यात स्त्रीमुक्ती पोपटाने आणली, एवढी त्या जातीची पुण्याई मला मान्य आहे.

या नव्या पाहुण्याचं नाव लेकीने कोको ठेवलं होतं. आईने राघू ठेवलं. तो दोन्हींना सारखाच दाद देत नाही.

खाण्याचं म्हणाल तर दुकानदाराने सांगितलं, राळे आणि बाजरी. नेमकं त्याच महिन्यात डॉक्टरांनी माझी साखर बघून सांगितलं, भात कमी करा, राळे खा. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं ना, तेव्हा पक्ष्यांच्या पुढ्यातलं धान्य एकदम माणसांच्या ताटात आलं आणि येताना भाव वाढवून आलं. आता घरात राळ्यांचा एकच डबा आहे. सकाळी बायको त्यातून आधी त्याची वाटी भरते, मग माझी भिजत घालते. त्याला ओली कोथिंबीर आणि किसलेलं गाजर वरून मिळतं. मला मिळत नाही.

लेकीने जाताना वर्जित वस्तूंची यादी फ्रिजवर चिकटवली. चॉकलेट द्यायचं नाही. अव्होकाडो द्यायचं नाही (जणू आमच्याकडे पाट्याच्या पाट्या उतरतात). नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत मरतो, म्हणून नॉनस्टिक बंद. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी बायकोला दिलेला डोशाचा तवा माळ्यावर गेला आणि आईचा बिडाचा तवा खाली आला. आईला फार आनंद झाला. ती तेव्हापासून राघूच्या पक्षात आहे.

त्याच्या अंगातून एक पांढरी भुकटी सतत झडते. काही पिसांची टोकंच झिजून तिची पावडर होते आणि ती पिसांना पाण्यापासून राखते, अशी निसर्गाची योजना आहे. ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर ती शोभत असेल. आमच्याकडे ती टीव्हीवर, कपाटावर आणि माझ्या एकुलत्या एका काळ्या जाकिटावर बसते. दर पंधरा-वीस मिनिटांनी तो दुसरीही एक गोष्ट करतो. ती कुठे बसते हे सांगत नाही, पण मी आता घरातसुद्धा टोपी घालतो.

संध्याकाळी साडेसातला त्याची झोपेची वेळ. दहा-बारा तास झोप लागते आणि अंधारात काही खुट्ट झालं की हा जातीचाच घाबरट, पिंजऱ्यात फडफडून स्वतःला जखमा करून घेतो. म्हणून मंद दिवा लावायचा आणि घरात कुजबुजायचं. आईच्या मालिका आठला सुरू होतात. त्या आम्ही दोन वर्षं आवाज बंद करून पाहतोय. सगळं कळतं. उलट जास्त कळतं, असं आईचं मत आहे.

आणि कागद! कागद दिसला की त्याच्या चोचीला खाज सुटते. एका बाजूने धरतो, टक टक टक अशी शिवणयंत्रासारखी भोकं पाडत सरळ रेषेत जातो, मग मान झटकली की एक लांब पट्टी सुटते. ती खात नाही, खाली टाकतो आणि ती जमिनीवर पडेपर्यंत वाकून बघतो. माझ्या लाइटबिलाची झालर झाली तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण एकदा तो भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या वरच्या पत्र्यावर जाऊन बसला आणि उजव्या कडेचा सबंध आठवडा कातरून टाकला. त्यात संकष्टी होती. आईने अंदाजाने उपास धरला, तो एक दिवस आधी. दुसऱ्या दिवशी खालच्या वहिनी चंद्रोदयाची वेळ विचारायला आल्या तेव्हा आई मिसळ खात होती. आईने त्या दिवशी "तुझा पोपट" असा शब्द वापरला. एरवी तो "आपला राघू" असतो.

पण मूळ तक्रार शिट्टीची.

पहिल्याच महिन्यात त्याने ती उचलली. मग दाराची बेल, मग माझ्या फोनची रिंगटोन, मग मायक्रोवेव्हची टुंग. मी सुरुवातीला लक्ष ठेवून होतो. खऱ्या शिट्टीआधी कुकर जरा फुसफुसतो, याची शिट्टी थेट यायची, म्हणून ओळखता येई. पण फुत्कारणं तर या जातीच्या अंगातच आहे, राग आला की सापासारखे फुसफुसतात. पंधरा दिवसांत त्याने आपला राग शिट्टीच्या पुढे जोडला आणि माझा पुरावा गेला. मग मी वही घातली. तारीख, वेळ, शिट्टीचा क्रमांक, खरी की बनावट, शेरा. तीन आठवडे लिहिली, ताळमेळ काही लागेना. चौथ्या आठवड्यात वहीच्याच पट्ट्या झाल्या.

बायकोला मात्र बाथरूममधूनही कळतं. "ही खोटी होती," ती आतून ओरडते. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाली, "खऱ्या शिट्टीला वास असतो." यावर हिशेब तपासनीस काय बोलणार?

आईची तपश्चर्या वेगळी. रोज सकाळी सहाला पिंजऱ्यावरचं कापड काढून ती समोर खुर्ची टाकून बसायची. "म्हण, विठ्ठल विठ्ठल." तो मान तिरकी करून, एक डोळा तिच्यावर रोखून इतक्या भक्तिभावाने ऐकायचा की आठ महिने तिची आशा सुटली नाही. मग आषाढी एकादशीला भजनी मंडळ घरी आलं. टाळ थांबले, आरतीआधीची शांतता पसरली आणि दांडीवरून एक खणखणीत, खोल, तृप्त ढेकर आली. ती आईची होती. म्हणजे आईने दिली नव्हती, पण होती आईचीच, सकाळच्या चहानंतरची. बाराच्या बारा बायकांनी आईकडे पाहिलं. एकादशीला, आणि ढेकर! आई अजूनही त्या मंडळात आपण निर्जळी होतो हे सांगत असते.

आईची ढेकर झाली म्हणून मी हसलो, आणि माझी पाळी यायला आठवडाही लागला नाही. मेव्हण्याचा फोन आला की मी उचलण्याआधी जीभ टाळ्याला लावून "त्च" असा एक आवाज करतो. करतो हे मला माहीतच नव्हतं. एका रविवारी फोन चार्जिंगला नव्हता, वाजतही नव्हता. पोपटाने माझी रिंगटोन वाजवली, एक क्षण थांबला आणि म्हणाला, "त्च." बायको भाजी निवडत होती. तिने देठ खाली ठेवला.

"हे कुणाचं?"

"पक्ष्याचं."

"नाही," ती म्हणाली, "मी सव्वीस वर्षं ऐकतेय. कशाला असायचं ते आज कळलं."

त्या रात्री मी लेकीला फोन करून सांगितलं, याला ने. तिने नेण्याबद्दल काही न बोलता व्याख्यान दिलं. पोपटांच्या जातीला स्वरयंत्र आपल्यासारखं गळ्यात नसतं, श्वासनळी खाली जिथे दुभंगते तिथे असतं, ओठ नसतानाही ते आवाज काढतात तो त्याच्या जोरावर. ते ठीक. पण नक्कल का करतात? कारण थव्यात राहायचं असतं. हाक मारायची, समोरच्याने तशीच हाक परत द्यायची, की मग कळतं, आहोत, जवळ आहोत. घर म्हणजे त्याचा थवा. "ज्या आवाजाला घरात सगळ्यात जास्त उत्तर मिळतं ना बाबा, तोच तो उचलणार. पोपटपंची नाही ती, तो नीट बघून निवडतो."

मी फोन ठेवून विचार करत बसलो. या घरात हाक मारल्यावर धावत कोण येतं? कुकर बोलला की बायको बाथरूममधून ओरडते, मी वर्तमानपत्र टाकून पळतो, आई देवघरातून "अरे, झाल्या तीन!" म्हणते. बेल वाजली की तिघं उठतात. फोन वाजला की तिघंही आपापले खिसे चाचपतात. मी हाक मारली की? चहा हवा असेल तर मी तीनदा हाक मारतो आणि मग उठून स्वतः करतो. दोन वर्षं दांडीवर बसून त्याने आमच्या घराचं जे निरीक्षण केलं, त्यात कर्तेपणाचा मान कुकरला गेला होता. त्याच्या यादीत माझा आवाज होता तो एवढाच, "त्च". माझ्या नोकरीत याला प्रतिकूल शेरा म्हणत.

ज्ञानेश्वर माउलींनी नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत दिला आहे. नळीवर बसतो, भाराने नळी फिरते, हा उलटा लटकतो आणि आपण बांधलो गेलो असं समजून तीच नळी घट्ट धरून ठेवतो. सोडली तर उडेल, पण सोडत नाही. आमच्याकडे पिंजऱ्याचं दार दिवसभर सताड उघडं असतं, पोपट खुशाल घरभर हिंडतो, आणि नागपूरच्या भाच्याच्या लग्नाला गेलो नाही तो मी. "त्याला कोण बघणार?" हे वाक्यही माझंच. बायको आणि आई जाऊन आल्या, आहेराचं पाकीट देऊन.

गेल्या दिवाळीच्या आधी साफसफाई काढली होती. मावशींनी खिडकीची जाळी धुवायला काढली आणि पाच मिनिटांत "भाऊ, तुमचा गेला!" अशी हाक आली. इमारतीसमोर सोनमोहर आहे, चार मजले उंच. त्याच्या मधल्या फांदीवर तो बसला होता. तुरा सुईसारखा ताठ, अंग भीतीने आकसून निम्मं. पलीकडे दोन कावळे होते, ते सरकत सरकत येत होते, घाई नसल्यासारखे. वरून हिरव्या पोपटांचा थवा कर्कश ओरडत खाडीकडे निघून गेला. त्यांनी याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मी चपला न घालता खाली धावलो. "कोको" म्हणून पाहिलं. "राघू" म्हणून पाहिलं. बाल्कनीतून आई "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत होती, मात्र त्याच्यासाठी की स्वतःसाठी ते कळत नव्हतं. वॉचमनने बांबू आणला. कुणी म्हणालं चादर धरा, कुणी म्हणालं अग्निशमन दलाला बोलवा, तळमजल्यावरचे काका म्हणाले, "मी आधीच म्हणत होतो," जे ते प्रत्येक गोष्टीला म्हणतात. कावळे एक फांदी पुढे आले.

आणि त्या सोनमोहरातून, संध्याकाळी सहा वाजता, कुकरची शिट्टी आली. बारीक, थरथरती, अर्ध्या दाबाची. थांबली. पुन्हा आली.

तो हाक मारत होता. आणि तिकडून कुणी उत्तर देत नव्हतं.

मला शिट्टी येत नाही. लहानपणी येत असे, पण गेल्या श्रावणात पुढचा एक दात गेला, त्या खिंडीतून हवा निसटते. तरी मी सोसायटीच्या मधोमध उभा राहिलो, तोंड वर केलं, आधी फुसफुसलो आणि मग जी काय निघाली ती शिट्टी दिली. हसू आलं असेल लोकांना, मी पाहिलं नाही. त्याने मान तिरकी केली. मी पुन्हा दिली. वरून उत्तर आलं. मी दिली, त्याने दिली. पाचव्या-सहाव्या शिट्टीला तो फांदी सोडून सुटला, कावळ्यांच्या मधून तिरपा खाली आला आणि थेट माझ्या टकलावर उतरला. नखं रुतली. मी हललो नाही. दर पंधरा-वीस मिनिटांचं त्याचं वेळापत्रक त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, पाळलं.

वर जाताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या होत्या, कमरेवर हात. "भाऊजी, राजमा होता हो माझा. सहा शिट्ट्या पुऱ्या झाल्या म्हणून गॅस बंद केला मी. दगड आहे सगळा."

मी माफी मागितली. वाटीभर वरण पाठवतो म्हणालो, पण आमचंही कच्चंच होतं.

तो त्यानंतर दोन दिवस गप्प होता. बेल नाही, फोन नाही, काहीच नाही. त्या दोन दिवसांत वरण मेणासारखं शिजलं आणि कुणालाच फारसं गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको कुकर लावून आंघोळीला गेली. मी वर्तमानपत्र घेऊन बसलो. एक झाली. दोन झाल्या. मग दांडीवरून आवाज आला, आधी फुसफुस आणि मग एक फाटकी, वारा गळणारी, दात पडल्यासारखी शिट्टी.

मी गॅसकडे धावलो.

"अहो, ती नका धरू," बायको आतून म्हणाली. "ती तुमची आहे."